पुलापलीकडचं गाव वाचायचं राहिलं

रविवार, १७ ऑगस्ट, सकाळी अकरा. मराठी मंडळाच्या वाचनालयाची समोरची खोली. हजर: अध्यक्ष, खजिनदार, सांस्कृतिक कार्यक्रम बघणाऱ्या वहिनी, ग्रंथपाल आणि सचिव या नात्यानं मी. गैरहजर: उपाध्यक्ष, मुलीकडे भोपाळला गेल्यामुळे. खोलीत अकरा मुलंही होती. त्यांना व्हरांड्यात बसवलं. ती कार्यकारिणीत नसल्यामुळे त्यांची नोंद घेतली नाही.

विषय एकच: टीव्हीवर खेळायचा पोलिसांचा गेम ग्रंथपालांच्या ताब्यातून काढून मुलांना देणे.

सभा बावीस मिनिटांत आटोपली. मी बोलावलेल्या सभा वेळेत आटोपतात आणि लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात. या एका सभेचा मात्र मला अजून राग येतो. नेमका कोणाचा, ते इथे लिहून काढायचं आहे. पहिला नंबर अर्थातच ग्रंथपालांचा.

त्यांना सगळे काका म्हणत. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबांवर चढण्यात गेला. निवृत्तीनंतर मंडळानं वाचनालयाची किल्ली त्यांना दिली, कारण ती दुसऱ्या कोणाला नकोच होती. खांबावर चढताना कमरेला बांधायचा जाड चामडी पट्टा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पूर्वी त्यात पकड आणि पेचकस असायचा, आता पेन्सिल, पट्टी, खोडरबर. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायचं तर स्टुलावर उभं राहून तो पट्टा कपाटाच्या कडीला अडकवत आणि मगच हात वर करत. स्टूल दीड फूट उंचीचं. वाचनालयात एखादी नवीन बाई आली की हे बघून तिला हसावं की मदतीला धावावं ते कळत नसे.

सभासदांच्या वहीत पत्ते त्यांनी लिहायचे ठरलं, ही माझी पहिली चूक. मी वही उघडली तर पत्ते असे: राइट टाउन, वाकलेल्या खांबासमोर. गढा, दोन दिव्यांच्या खांबापासून तिसरं घर. वार्षिक सभेच्या सूचना पोस्टानं पाठवायच्या होत्या. मी विचारलं की पोस्टमन काय खांब मोजत फिरेल का. ते म्हणाले, "पोस्टमनला माहीत आहे, ताई. तुम्हालाच माहीत नाही." चौकशी केली तर वाकलेला खांब काढून चार वर्षं झाली होती. केबल जमिनीखालून गेली. काकांच्या वहीत खांब तसाच उभा. चौऱ्याहत्तर पत्ते मी दोन दिवस फोन करकरून दुरुस्त केले.

पण हे काहीच नाही. त्यांचा खरा हट्ट वेगळा होता. स्वतः वाचल्याशिवाय ते कोणालाही पुस्तक देत नसत. नागपूरहून सदतीस नव्या पुस्तकांचं खोकं भेट आलं, ते आठ महिने कपाटाच्या वर बंद. एकेक वाचून खाली उतरणार. एक निवृत्त नर्स, आमच्या सगळ्यात जुन्या सभासद, एका जाड कादंबरीसाठी महिनाभर खेटे घालत होत्या. शेवटी काका त्यांना म्हणाले की तीनशे पानं झाली, पुढे ती बाई उगाच रडून राहिली आहे, तुम्ही दुसरं काही न्या. त्या म्हणाल्या, "रडू द्या ना हो. मला काय तिच्या घरी राहायला जायचं आहे?" तीन आठवड्यांनी पुस्तक मिळालं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं: वाचले. रडणे पान ३१० ते ४०२.

असा शेरा प्रत्येक पुस्तकात असे. वाचले, नायक आळशी. वाचले, चौथं प्रकरण नसतं तरी चाललं असतं. एका पाककृतीच्या पुस्तकात: वाचले, भूक लागली. लोक आधी शेवटचं पान बघून पुस्तक निवडत, हे मला मान्य करावं लागेल. पण आठ महिने!

आता त्या खोलीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडून होतं. एप्रिलच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी मांडलं की समोरची खोली एका कोचिंग क्लासला भाड्यानं द्यावी. वाचनालयात येतं कोण? म्हातारी माणसं, आणि तीही उन्हाळ्यात पंख्यासाठी. मी उठून विरोध केला. वहिनींनी मधला मार्ग काढला: दिवाळीपर्यंत मुलांचा विभाग चालतो आहे असं दाखवा, नाहीतर खोली जाईल. दाखवायचं म्हणजे आकड्यांनी. ते काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी काकांनी खोलीतल्या सगळ्या खिडक्यांच्या कड्यांना तेल घातलं.

मुलांना आणायचं कसं? या हिंदी मुलखात आमच्या घरांमधली मुलं मराठी समजतात, पण बोलत नाहीत. आजीनं मराठीत विचारायचं, नातवानं हिंदीत उत्तर द्यायचं, अशी रीत पडली आहे. निबंध स्पर्धा ठेवली तर भाग घेणारे दोन, त्यातली एक वहिनींची नात, आणि निबंध वहिनींचा. मग मला माळ्यावर पडलेला माझ्या मुलाचा जुना कन्सोल आठवला. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हापासून तो पिशवीत होता. यंत्र चालू होतं, सोबतच्या डिस्क मात्र सगळ्या ओरखडलेल्या. सराफ्याच्या मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे, तिथे गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, इस पुरानी मशीन का अब यही एक माल बचा है." तोच हा पोलिसांचा गेम. डबीवरच्या पोलिसाला आधीच्या मालकानं बॉलपेननं झुपकेदार मिशा काढलेल्या.

गेम असा की त्यात अख्खं परदेशी शहर आहे. तुम्ही पोलीस. गाडी घ्या आणि कुठेही जा. रेडिओवर काम सांगतात, चोर पकडायचे, पाठलाग करायचा. काम नाही केलं तरी शहर आपलं चालूच राहतं. मला वाटलं, मुलं आठ-आठ दिवस घरी नेतील, परत करायला येतील तेव्हा सोबत एखादं पुस्तक नेतील. देवघेवीच्या वहीत नोंदी वाढतील. योजना साधी होती. मी डबी आणि कन्सोल काकांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी डबीवर मंडळाचा शिक्का मारला. दाखल नोंदवहीत क्रमांक घातला, ४११८. विषयाच्या रकान्यापाशी थांबले. मी म्हटलं, खेळ लिहा. ते म्हणाले, "खेळ कसा? यात गाव आहे." आणि लिहिलं, प्रवासवर्णन. मग चष्मा पुसला, खुर्ची खोलीतल्या जुन्या टीव्हीसमोर ओढली आणि वाचायला बसले.

मला हसू आलं होतं, हे खरं आहे. वाटलं, तासाभरात कंटाळतील. पहिल्या रविवारी सात मुलं आली होती. दुसऱ्या रविवारी नऊ. मग अकरा. त्यांच्यापैकी एकाच्याही हातात रिमोट गेला नाही. काका वाचत होते.

वाचत कसे, तर गाडी सायकलच्या वेगानं. प्रत्येक लाल दिव्याला थांबायचं. परदेशात गाड्या उजवीकडून जातात, हे मानायलाच तयार नाहीत, म्हणून आपले डावीकडून. समोरून येणारा प्रत्येक जण भोंगा वाजवतोय आणि काका शांतपणे म्हणताहेत की सगळं गाव उलटं चालून राहिलं आहे. रेडिओवरून हुकूम यायचा, अमुक ठिकाणी दरोडा, ताबडतोब पोहोचा. काका गाडी कडेला लावायचे आणि पायी गल्लीत शिरायचे. मुलं कळवळून सांगायची की चोर पळाला. "पळू दे. काहून घाई करता? चोर उद्याही पळतोच. ही गल्ली कुठे निघते ते आधी पाहू." गल्ली संपली की पेन्सिलीनं वहीत रेघ. त्या शहरातल्या खांबांना नंबर नाहीत, याचा त्यांना मनापासून संताप आला होता. तारा नाहीत तेही एकवेळ चालेल, पण नंबर नाहीत? म्हणून त्यांनी स्वतःच नंबर दिले. वहीत त्या गावाचा नकाशा तयार होऊ लागला, खांबांसह.

टीव्हीच्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा दिसतो, त्यावरून कुठे वळायचं ते कळतं. काकांचा मोतीबिंदू पिकलेला, त्यांना तो दिसत नसे. म्हणून मुलांनी सांगायचं. मुलं ओरडायची, काकाजी, लेफ्ट लो, लेफ्ट. काका हलायचे नाहीत. राइट म्हटलं तरी नाहीत. बाएँ-दाएँ म्हटलं तरी नाहीत. गाडी चौकात उभी, मागे भोंगे. कोणीतरी डावीकडे म्हणायचं, मग गाडी डावीकडे वळायची. आयुष्यभर सरकारी कागदांवर इंग्रजी वाचलेल्या माणसाला लेफ्ट कळत नाही? ही ढोंगबाजी मला मागच्या खोलीत बसून ऐकू यायची आणि डोकं उठायचं. मी तिथे देवघेवीची वही लिहीत असे. डावीकडे, अजून पुढे, थांबा, मागे घ्या, त्या पिवळ्या घराच्या बाजूनं, नाही हो काकाजी, ती गल्ली झाली आपली. दोन-दोन तास हा आरडाओरडा. मंडळात मराठी ऐकू येते यात मला काहीच विशेष वाटलं नाही. तिथे यायचीच ती.

माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, नाव, काय नेलं, कधी परत केलं. नऊ रविवार झाले. क्रमांक ४११८ पुढे एकही नोंद नाही. दिवाळी जवळ येत होती, खोली हातची जाणार होती, आणि ज्या एका वस्तूवर माझी भिस्त होती तिच्यावर हा माणूस ठाण मांडून बसला होता. तीनदा सांगून पाहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "वाचून राहिलो, ताई. झालं की देतो." मी सभा बोलावली.

सभेत खजिनदार म्हणाले की गेम पोरांसाठी आणला होता आणि काका, तुम्हीच खेळून राहिले.

"खेळून नाही. वाचून राहिलो," काका म्हणाले.

सगळे हसले. मीही. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात विचारलं की अजून किती दिवस लागतील. काका म्हणाले, पुलाच्या अलीकडचं झालं, पलीकडचं बाकी आहे, गाव मोठं आहे. मग मी माझा अहवाल वाचला: रविवार नऊ, देवघेव शून्य. कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो वरून खाली दोनदा वाचला. प्रत्येक गोष्ट ते दोनदा वाचत.

"ताई, तुमच्या वहीत बसलेल्यांचा रकाना नाही काय?"

मी म्हटलं, "बसायला काय, कोणीही बसतं."

हे वाक्य इतिवृत्तात नाही. इतिवृत्त मीच लिहिते.

ठराव चार विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. काका उठले, पट्ट्यातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "अर्धवट वाचलेलं मी देत नाही. द्यायचं तर तुम्ही द्या." आणि बाहेर पडले. व्हरांड्यातल्या एका मुलानं विचारलं, काकाजी, आज नहीं चलेंगे क्या? ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पुढच्या आठवड्यात कळलं की ते भावाकडे शहपुऱ्याला राहायला गेले. इथली राहती भाड्याची खोली सोडली.

आता माझं म्हणणं असं: एवढी गोष्ट होती तर माणसानं तोंड उघडून सांगावी की नाही? एका प्रश्नावर कोणी थांबतं का? टेबलावर हात आपटायचा, मुलांना आत बोलवायचं, त्यांना विचारा म्हणायचं. खांबावरून खालच्या माणसांवर ओरडत आयुष्य काढलं, आणि सभेत बसल्यावर आवाज एवढा खाली? हा राग माझा अजून गेलेला नाही.

मी अकरा मुलांची यादी केली. प्रत्येकाला आठ दिवस. कन्सोल, वायरी, रिमोट, डबी, सगळं एका पिशवीत, पिशवीला वस्तूंची चिठ्ठी टाचलेली. एकही वस्तू हरवली नाही. देवघेवीच्या वहीत नोंदी भराभर पडल्या. पिशवी या घरातून परस्पर त्या घरात जाऊ लागली आणि पालक फोनवर मला कळवू लागले, म्हणजे येण्याचीही गरज उरली नाही. रविवारी समोरच्या खोलीत मी, पंखा आणि निवृत्त नर्सबाई.

दिवाळीआधीच्या सभेत आकडे वाचले तेव्हा अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आणि लगेच खजिनदार म्हणाले की बघा, मुलं घरी नेतात, तिथेच वापरतात, फारच छान. मग समोरची खोली कशाला अडवायची? कपाटं मागे हलवू, देवघेव तिथून होईल. माझ्याच आकड्यांवर बोट ठेवून बोलत होते. हात वर झाले. वहिनींचाही. आता तिथे कोचिंग क्लासचा फलक आहे आणि आत पन्नास बाकं. तेल घातलेल्या खिडक्या त्यांनी एसीसाठी कायमच्या बंद केल्या.

पिशवी यादीतल्या शेवटच्या घरून डिसेंबरमध्ये परत आली. अकरा वर्षांची मुलगी आणि तिची आई, दोघी माझ्या घरी आल्या. आई सरकारी दवाखान्यात औषधं देते. मी पिशवीतल्या वस्तू चिठ्ठीशी ताडून बघत होते. आई म्हणाली की आठ दिवसांची पाळी होती, ही तर पाचव्याच दिवशी परत करू म्हणत होती.

मी मुलीला विचारलं, आवडला नाही का.

"अकेले में मजा नहीं आता, काकू." मग शब्द जुळवत मराठीत, "कोणी सांगतच नाही ना, डावीकडे का उजवीकडे."

आई हसली. म्हणाली, "मलाच बसवून ठेवते जी. आई, तू सांग, पण मराठीत सांग. हिंदीत सांगितलं तर गाडीच हलवत नाही. आमच्या घरातली मराठी सासूबाईंसोबत गेली होती, ही कुठून घेऊन आली काय माहीत."

मला माहीत होतं कुठून. मागच्या खोलीत बसून नऊ रविवार मी ते ऐकलं होतं आणि आरडाओरडा म्हणून सोडून दिलं होतं. निबंध स्पर्धेत दोन मुलं. इथे अकरा, दर रविवारी, दोन तास. आणि माझ्या वहीत शून्य.

जाताना मुलगी म्हणाली की काकाजींचं कोणी काही पुसलं नाही. मला कळेना. तिनं समजावलं की गेममध्ये आपण जिथे थांबलो ती जागा जपून ठेवता येते, आणि काकाजींनी सोडलेली जागा जशीच्या तशी आहे. अकराही जणांनी आपापली वेगळी सुरू केली. कोणी ठरवलं नव्हतं. "त्यांचं बाकी आहे ना अजून," ती म्हणाली.

त्या गेल्यावर मी कन्सोल टीव्हीला जोडला. माझ्या मुलाला फोन करून कुठलं बटण ते विचारलं. पोलिसाची गाडी एका मोठ्या पुलाच्या तोंडाशी उभी होती. डावीकडे, म्हणजे त्या गावाच्या हिशेबानं चुकीच्या बाजूला, पण कडेला अगदी सरळ लावलेली. समोरून गाड्या येत होत्या आणि भोंगे वाजवत होत्या. मी रिमोट खाली ठेवला. पूल ओलांडायचा माझा काय अधिकार?

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन दाखल नोंदवही काढली. क्रमांक ४११८, प्रवासवर्णन. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं: वाचणे चालू. पुलापलीकडचे बाकी. मुलांना रस्ते माझ्यापेक्षा पाठ.

देवघेवीच्या वहीत मी पाचवा रकाना आखला आहे: बसलेले. मागच्या खोलीत बसायला जागा नाही, म्हणून तो कोरा आहे. खोली परत मिळावी असा अर्ज मी अध्यक्षांना दिला आहे, सोबत ऑगस्टच्या इतिवृत्तातली दुरुस्ती जोडून, काकांचा प्रश्न आणि माझं उत्तर दोन्ही लिहून. खजिनदारांनी विचारलं की हे आता कशाला उकरून काढता. मी म्हटलं, सहा महिन्यांनी का होईना, वही बरोबर असली पाहिजे.

माझ्या घरच्या कामांच्या यादीत एक ओळ डिसेंबरपासून प्रत्येक आठवड्यात पुढे ढकलली जाते आहे: शहपुरा, पिशवी पोहोचवणे. पिशवी तयार आहे, जेवणाच्या टेबलाखाली. ती मुलगी सोबत येते म्हणाली आहे, तिच्या आईनंही होकार दिला आहे. बसच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत. काकांचा फोन लागत नाही. सभासदांच्या वहीत, शहर सोडण्याआधी येऊन, त्यांनी आपला नवा पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला आहे: शहपुरा, बाजाराच्या मागे, कडुनिंबाला टेकलेल्या खांबापासून चौथं घर.

तो खांब अजून उभा आहे का, ते विचारायचं आहे.